बेटावरून बेटाकडे

मुंबईतल्या मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोने दक्षिणेकडे निघालं की पुढचंच स्थानक विमानतळाच्या टर्मिनल दोनचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मार्गिका सुरू झाली आणि मरोळकरांना परदेशाचं दार अक्सा चौपाटीपेक्षा जवळ आलं. दोघांनीच जायची समुद्रकाठची सुट्टी मध्यमवर्गीय मराठी घरांत आता चांगली रुळली आहे. लग्नानंतर माथेरान-महाबळेश्वरला जायची रीत होती. तिची जागा गोव्याने घेतली, पुढे केरळने, आणि आता अंदमान व मालदीवने. २०२३ साली मालदीवला गेलेल्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांहून अधिक. पुढच्या वर्षी दोन्ही देशांच्या कुरबुरीत हा आकडा घसरला आणि लक्षद्वीपचं नाव घरोघरी पोचलं. म्हणजे बेट बदललं, बेटावर जायची ओढ तशीच राहिली. या ओढीचं नेहमीचं स्पष्टीकरण निळं पाणी आणि पांढरी वाळू असं दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहणारी दोन माणसं हजारो रुपये खर्चून उष्ण कटिबंधातल्याच दुसऱ्या बेटावर जातात, तेव्हा वाळूच्या रंगाहून मोठं काहीतरी ती विकत घेत असतात. माझ्या मते ती एकांत विकत घेतात. हा एकांत त्या बेटांवर निसर्गतः उगवलेला नसतो, तो नियमांनी आणि माणसांच्या श्रमांनी घडवलेला असतो. आणि तसं असेल, तर तो आपल्या बेटावर का घडत नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्या बेटावर म्हणजे साष्टीवर. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र. मधल्या सहाशेहून अधिक चौरस किलोमीटर जमिनीवर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि मरोळ वसलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, मग रूळ आले, पूल आले आणि बेटपण नकाशापुरतं उरलं. मरोळमधून तर समुद्र दिसतही नाही; दिसते ती मिठी नदी, तीही भिंतींच्या मधून वाहणारी. या परिसराला मोकळ्या जागेचा इतिहास मात्र आहे. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेलं इथलं चर्च १८४०च्या साथीत गावकऱ्यांनी सोडलं आणि वस्ती मरोळकडे सरकली. त्या चर्चचे अवशेष आज सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या कुंपणाच्या आत आहेत. त्या काळी गावाला सगळं मागे टाकून दुसरीकडे बिऱ्हाड मांडता येत होतं, एवढी जमीन होती. आज त्याच जमिनीवर कारखाने, कार्यालयं, गावठाण, चाळी आणि मनोरे एकमेकांना खेटून आहेत. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, नणंद किंवा दीर आणि एखादं मूल असेल, तर नवराबायकोला दार लावून बोलायची सोय नसते. लग्न न झालेल्यांची तर गोष्टच वेगळी. म्हणून वांद्र्याच्या बँडस्टँडचे खडक आणि मरीन ड्राइव्हचा कठडा वर्षानुवर्षं जोडप्यांनी भरलेला दिसतो. त्यांच्याकडे बघून नाकं मुरडणाऱ्यांनी ती जोडपी कुठल्या घरांतून आली आहेत, हेही बघावं. गर्दीत पाठ फिरवून बसणं हा त्यांच्या वाट्याला आलेला एकमेव खासगीपणा असतो.

आता मालदीवकडे पाहू, कारण एकांताचा धंदा तिथे सर्वांत चोखपणे उभा राहिला आहे. सुमारे बाराशे प्रवाळबेटांच्या या देशात माणसांची वस्ती जेमतेम दोनशे बेटांवर. १९७२ साली मालेजवळ कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि पुढे सरकारने एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत रुजवली. ओसाड बेट भाडेपट्ट्याने द्यायचं, तिथे फक्त पाहुणे आणि कामगार राहणार. गावांत दारूला मनाई, रिसॉर्टच्या बेटावर परवानगी. २००९ नंतर धोरण बदलेपर्यंत पर्यटकाला गावात मुक्काम करायची सोय जवळपास नव्हतीच. त्यानंतर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर छोटी गेस्टहाउस निघाली. म्हणजे जाहिरातीत दिसणारा तो निर्मनुष्य किनारा निसर्गाचा चमत्कार कमी आणि सरकारी धोरणाचा परिणाम जास्त. मुंबईहून तीनेक तासांत विमान उतरतं, तिथून स्पीडबोट किंवा सीप्लेन. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे संध्याकाळी पोचणाऱ्याची पहिली रात्र बहुधा मालेच्या आसपास जाते. त्या रात्री डोळे उघडे ठेवले तर बरंच काही कळतं. माले हे दोनेक चौरस किलोमीटरचं बेट आणि त्यावर लाखाहून अधिक माणसं. अरुंद गल्ल्या, दुचाक्यांच्या रांगा, चिंचोळ्या इमारतींत एकावर एक रचलेली घरं. भाडी परवडत नाहीत म्हणून एका खोलीत अनेकजण राहतात. ही दाटी कमी करायला शेजारी भर घालून हुलहुमाले नावाचं अख्खं बेट तयार करावं लागलं. मरोळच्या जोडप्याने जी गर्दी मागे टाकली, तिच्याच मावसबहिणीला मालेकर रोज भेटतो. त्याला मात्र तो रिकामा किनारा परवडत नाही.

रिकाम्या किनाऱ्यामागचं यंत्रही समजून घ्यायला हवं. प्रवाळबेटावर नदी नसते, विहिरीचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. पाहुण्याच्या शॉवरचं पाणी समुद्रातून मीठ काढून तयार होतं, त्यासाठी जनरेटर चालतात, जनरेटरसाठी डिझेल जहाजाने येतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या निःक्षारीकरण प्रकल्पात आग लागली तेव्हा अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले आणि भारताला विमानांनी, जहाजांनी पिण्याचं पाणी पाठवावं लागलं. कचऱ्याचंही तेच. मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी नावाचं उथळ पाण्यावर भर घालून केलेलं बेट आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे कचरा टाकला जातो. पाहुणा नाश्त्याला येण्याआधी वाळूवरचं शेवाळ आणि पालापाचोळा झाडून नेणारे हात बरेचदा बांगलादेशी, श्रीलंकन किंवा भारतीय असतात. दोघांना एकटं वाटावं म्हणून शेकडो माणसं नजरेआड राबतात. यात काही पाप आहे, असं मी म्हणत नाही. पर्यटनानेच हा गरीब, मासेमारीवर जगणारा देश दक्षिण आशियात दरडोई उत्पन्नात वर आणला. माझा मुद्दा इतकाच की ज्या गोष्टीला आपण बेटाचा स्वभाव समजतो, ती एक व्यवस्था आहे, आणि व्यवस्था कुठेही करता येते.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. एकांतच हवा असता तर लोक सह्याद्रीतल्या एखाद्या खेड्यात गेले असते, बेटच कशाला? आक्षेप रास्त आहे. बेटाला एक गुण आहे जो डोंगराला नाही. तिथे वाट संपते. पुढे जायला रस्ता नाही, बघायला आणखी सात पॉइंट नाहीत, आणि ओळखीचं कुणी अचानक दारात उभं राहायची शक्यता नाही. आपल्याकडची सहल बहुतेकदा यादी पुरी करण्याची असते. दोन माणसं सकाळी सहाला टॅक्सीत बसतात आणि रात्री थकून झोपतात. बेटावर ही यादी आखूड होते, म्हणून बोलायला वेळ उरतो. पण हा गुण मालदीवच्या खासगी बेटापुरता मर्यादित नाही, हे अंदमानात दिसतं. पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे २०२४पासूनच्या श्री विजयपुरमचं, नाव मराठी माणसाला सेल्युलर जेलमुळे आणि सावरकरांमुळे आधीपासून ठाऊक असतं. तिथे जाणारं जोडपं बहुधा पहिला दिवस त्या कोठड्यांना देतं. मग बोटीने दोनेक तासांवर हॅवलॉक, २०१८पासून स्वराज द्वीप. हे रिकामं बेट नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या गेल्या. त्यांची भातशेती, सुपारी-नारळाच्या बागा, माशांचा बाजार, शाळा सगळं इथे आहे. किनाऱ्यांना अजून आकड्यांनी ओळखतात. राधानगर म्हणजे सात नंबरचा बीच. भारतीय प्रमाणवेळ पाळणारं पण देशाच्या पार पूर्वेला असलेलं हे बेट हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारतं. त्यानंतर करायला विशेष काही नसतं. पर्यटन कंपन्यांना ही उणीव वाटते, पण दोघांना निवांत बसायचं असेल तर याहून सोयीची संध्याकाळ कुठली? इथे शेजारी गाव जागं असतं, सायकलवरून घरी जाणारी माणसं असतात, तरी कुणी जोडप्याच्या वाट्याला जात नाही. एकांतासाठी माणसं हटवावी लागत नाहीत. माणसांनी चौकशा करणं थांबवलं तरी पुरतं.

लक्षद्वीप तिसरी तऱ्हा दाखवतं. छत्तीस बेटं, त्यांतली दहा वस्तीची, एकूण जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. प्रवेशाला परवाना लागतो, बंगारामचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे, आणि कोचीहून जहाजाने जायचं किंवा अगाट्टीच्या आखूड धावपट्टीवर उतरायचं. इथे संख्येला मर्यादा का, याचं उत्तर पाण्यात आहे. कवरत्तीला २००५ साली राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रातल्या थंड पाण्याचा वापर करून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारला. तोवर बेटाची भिस्त विहिरींवर आणि पावसावर होती. एवढ्याशा जमिनीवर किती माणसं आणायची, हे तिथे सोयीपेक्षा पाण्यावर ठरतं. २०२४च्या जानेवारीत सगळ्या देशाने मालदीवऐवजी लक्षद्वीपला जायचा निश्चय केला, तेव्हा हा हिशेब फारसा कुणी केला नाही. मालदीवमध्ये एकांत भाडेपट्ट्याने घडतो, अंदमानात बेटावरच्या जगण्याच्या संथ रीतीने आणि लक्षद्वीपमध्ये परवान्याने. तिन्हींत समान धागा एकच: कुणीतरी नियम ठरवला आणि पाळला. पाहुण्याला त्या नियमाने हक्क मिळतो आणि यजमान बेटाला संरक्षण.

आता घराकडे. मरोळ नाक्याहून मेट्रोची पहिली मार्गिका वर्सोव्याला सोडते, तिथून रिक्षाने जेट्टी, आणि फेरीबोट काही मिनिटांत खाडीपलीकडे मढला उतरवते. बोटीत माणसांबरोबर दुचाक्याही असतात. मढचा कोळीवाडा, बांबूच्या आडव्या काठ्यांवर सुकणारे बोंबील, टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला, पुढे एरंगळचं सोळाव्या शतकातलं चर्च, दाणापाणी आणि अक्सा या चौपाट्या. मार्व्याहून दुसरी बोट मनोरीला जाते आणि तिथून गोराई-उत्तनपर्यंत ताडामाडांच्या बागा आणि ईस्ट इंडियन या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाची गावं लागतात. मरोळच्या गावठाणातली मूळ वस्ती त्याच समाजाची. म्हणजे वाट संपणं, बोटीतून जाणं, संध्याकाळ लांबणं, हे बेटाचे सारे गुण एका दुपारच्या अंतरावर आहेत. तरीही मरोळचं जोडपं इथे मुक्कामाला यायला कचरतं. ६ ऑगस्ट २०१५ रोजी मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि बंद खोल्यांतून चाळीसच्या आसपास जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेलं. माणसं सज्ञान होती, स्वखुशीने आली होती; कलम लावलं सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं. खूप टीका झाली, चौकशीचे आदेश निघाले, पण भीती बसायची ती बसली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही अनेक लॉजांत ओळखपत्रावर मुंबईचाच पत्ता दिसला की खोली नाकारायची रीत आहे. याचा अर्थ मरोळच्या माणसाचं आधारकार्ड स्वराज द्वीपात चालतं, पासपोर्ट मालेत चालतो, आणि तेच नाव, तोच पत्ता मढमध्ये संशयाचं कारण ठरतो. २०२१ साली बोरिवलीत एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवलं गेलं, त्यामागची वृत्ती हीच.

कायदा काय म्हणतो, हे स्पष्ट आहे. अविवाहित सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलची खोली घेण्यावर बंदी घालणारा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली एका प्रकरणात नमूद केलं. त्याआधी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तेव्हा इथे अभाव कायद्याचा नाही, त्याच्या अंमलाचा आहे. पहिलं रिसॉर्ट उघडणाऱ्या मालदीवला एकांतासाठी धोरण आखावं लागलं. आपल्याला नवं धोरणही नको, आहे तो हक्क मानला तरी पुरेल.

दुसरा आक्षेप पाण्याचा. अक्साचं पाणी राखाडी-तपकिरी, तिथे पोवळी नाहीत, रंगीत मासे नाहीत, ओहोटीला चिखल उघडा पडतो. खरं आहे, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपला किनारा काळ्या कातळाचा, खाड्यांचा आणि कांदळवनांचा. खाड्यांतून गाळ येतो, उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि तो गाळ दिवसातून दोनदा ढवळला जातो. मालदीवमध्ये हा फरक मीटरभराचा, नदी नाही म्हणून गाळ नाही, आणि वाळू प्रवाळाच्या भुग्याची. ज्यांना प्रवाळ बघायचा आहे त्यांनी जरूर तिकडे जावं, आणि लवकर जावं. १९९८ साली मालदीवची उथळ पाण्यातली बहुतेक पोवळी तापलेल्या समुद्रात पांढरी पडून मेली, २०१० साली अंदमानात आणि २०२४ साली लक्षद्वीपमध्ये तेच संकट आलं. पण घाण ही भूगोलाची देणगी नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५पासून वकील अफरोज शाह यांच्यासोबत लोकांनी आठवड्यांमागून आठवडे प्लास्टिक उचललं, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडली. गाळ राहणारच, प्लास्टिक राहायलाच हवं असं नाही. बुडण्याच्या घटनांबद्दलही हेच. अक्साचा समुद्र पोहायला फसवा आहे, हे सर्वज्ञात आहे. तिथे जीवरक्षकांचं ऐकणं आणि पाण्याला दुरून पाहणं हाच शहाणपणा. दोघांच्या सुट्टीतला फार थोडा वेळ पाण्यात जातो, बाकीचा काठावर.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र मढ-मनोरीच्या गावांचा आहे. तिथले कोळी आणि ईस्ट इंडियन म्हणतील, तुमच्या एकांतासाठी आमची गावं का द्यायची? आठवडी सुट्टीला येणाऱ्या गाड्या, दारूच्या बाटल्या, रात्रीचा गोंगाट त्यांनी सोसला आहे. गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात पर्यटनाचे मोठे आराखडे आले तेव्हा गावांनी विरोध केला, आणि तो मला योग्य वाटतो. वर्सोवा ते मढ पुलाची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. तो झाला की बोटीने आपोआप घातलेली मर्यादाही जाईल. म्हणूनच मी इथे रिसॉर्टांचं बेट मागत नाही. स्वराज द्वीप आणि माफुशीचा धडा असा की पाहुण्यांची खोली गावकऱ्याच्या घरात असली, पैसे त्याच्या हातात पडले आणि किती पाहुणे घ्यायचे हे गावाने ठरवलं, तर गोंगाट करणाऱ्याला गाव स्वतःच आवरतं. महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. तारकर्ली, गुहागर, दिवेआगरपर्यंत घरगुती निवासाची सोय कोकणाने कधीच उभी केली आहे; माजघरात मासळीचं ताट वाढणारी यजमानीण पाहुण्यांकडे लग्नाचा दाखला क्वचितच मागते. जे तिथे जमलं ते साष्टीच्या काठावर जमणार नाही, असं मानायला कारण नाही. अट एवढीच की पोलिसांनी बंद दारामागे नाक खुपसू नये, आणि पाहुण्याने उघड्या दाराबाहेर गावाला त्रास देऊ नये.

हे सगळं झालं तरी लोक मालदीवला जातील, आणि त्यांनी जावंच. वेगळा समुद्र बघणं ही माणसाची जुनी हौस आहे, आणि आयुष्यात एकदा निळ्या पाण्यावरच्या खोलीत झोपण्यासाठी साठवलेले पैसे कुणाच्या उपदेशाला बांधील नाहीत. मात्र हौस आणि गरज यांत फरक करायला हवा. हौस वर्षातून किंवा जन्मातून एकदा भागते. दोघांनी निवांत बसणं ही महिन्या-दोन महिन्यांची गरज आहे, आणि ती भागवायला ज्यांच्याकडे विमानाचं तिकीट नाही त्यांना आपलं शहर खडकाकडे बोट दाखवतं. मरोळच्या कारखान्यात आणि कार्यालयात राबणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हिशेब या दुसऱ्या खात्यातला आहे. प्रवाळ बघायला विमानाचं तिकीट लागावं, हे भूगोलाला धरून आहे. दोन सज्ञान माणसांना समुद्राकाठी कुणाच्याही परवानगीविना एक रात्र राहायला ते लागावं, याला भूगोलात काही आधार नाही; ती आपण केलेली व्यवस्था आहे आणि आपल्यालाच मोडता येईल.